पहिल्या ओळीतला पत्ता

सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या लिनक्स लॅबमध्ये जा आणि पोरांची जर्नलं उघडून बघा. शेल स्क्रिप्टच्या प्रत्येक प्रॅक्टिकलची पहिली ओळ एकच: #!/बिन/बॅश. बेरीज असो, पॅलिंड्रोम असो, फॅक्टोरियल असो. ही ओळ का लिहायची असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "सर, लिहायची असते." वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढतात ना, अगदी तसं. आणि गंमत म्हणजे ती ओळ खोडली तरी लॅबमध्ये प्रोग्रॅम चालतोच. त्यामुळे तिचा 'श्री'पणा अजूनच पक्का होतो.

(एक आधीच सांगून टाकतो. खऱ्या फाइलीत ही सगळी नावं रोमन लिपीत असतात. इथे मी हट्टाने देवनागरीत लिहितोय, तेवढं सांभाळून घ्या.)

तर मंडळी, ती ओळ 'श्री' नाही. जुन्या पत्राचंच उदाहरण घ्यायचं तर ती पाकिटावरचा पत्ता आहे. हे पत्र कुणाकडे न्यायचं, कोण ते वाचून दाखवणार, एवढंच ती सांगते. आणि पत्ता म्हटला की पत्त्याची सगळी दुखणी आली. घर बदललं, पत्ता अपुरा लिहिला, एकाच नावाची दोन माणसं निघाली, पोस्टमनला अक्षर लागलं नाही. गेली पंचेचाळीस वर्षं युनिक्सवाले हीच दुखणी निस्तरत आहेत. आज त्याबद्दल.

आधी ती ओळ नेमकं करते काय ते बघू. तुम्ही ./बेरीज.एसएच असं टाइप करून एंटर मारता, तेव्हा शेल ही फाइल स्वतः वाचत नाही. तो कर्नेलला सांगतो, "ही चालव." कर्नेल फाइलीचा सुरुवातीचा छोटा तुकडा उचलतो आणि बघतो. मशीन कोडची फाइल असेल तर तिथे ठरलेली खूण असते. ती नसेल आणि पहिली दोन चिन्हं # आणि ! असतील, तर कर्नेल पुढची ओळ पत्ता म्हणून वाचतो, त्या पत्त्यावरचा प्रोग्रॅम सुरू करतो आणि त्याच्या हातात आपल्या फाइलीचं नाव देतो. म्हणजे तुम्ही /बिन/बॅश ./बेरीज.एसएच असं टाइप केल्यासारखंच झालं. मग बॅश ती फाइल उघडतो, पहिलीच ओळ # ने सुरू होते म्हणून तिला टिप्पणी समजतो आणि सोडून देतो. एकच ओळ, दोन वाचक. कर्नेलसाठी हुकूम, बॅशसाठी बडबड. ज्याने कुणी हे चिन्ह निवडलं त्याला मानलं पाहिजे.

पूर्वी हे असं नव्हतं. जानेवारी १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तेव्हा कर्नेलला स्क्रिप्ट हा प्रकारच माहीत नव्हता. त्याला फक्त मशीन कोड कळायचा. स्क्रिप्ट चालवायला सांगितली की तो "हे मला चालवता येत नाही" म्हणून हात वर करायचा. मग शेल म्हणायचा, बरं, तू राहू दे, बहुतेक माझ्याच भाषेत असेल, मीच वाचतो. शेल एकच होता तोवर हे खपून गेलं. पण तिकडे बर्कलीला बिल जॉयने सी शेल लिहिला. त्याची भाषा वेगळी. आता समोरच्या फाइलीची भाषा कोणती हे कसं ओळखायचं? सी शेलने एक अडाखा बांधला: पहिलं अक्षर # असेल तर फाइल माझी, नाहीतर जुन्या शेलची. सातव्या आवृत्तीतल्या बोर्न शेलला # म्हणजे टिप्पणी हे ठाऊकच नव्हतं. तिथे लोक टिप्पणीसाठी विसर्गासारखं : वापरायचे. त्यामुळे हा अडाखा बऱ्यापैकी लागू पडायचा. पण अडाखा तो अडाखाच.

१० जानेवारी १९८० रोजी बेल लॅब्समधून डेनिस रिची यांनी एक छोटीशी ई-मेल पाठवली. सी भाषेचे जनक ते हेच. मजकूर साधा: कर्नेलमध्ये बदल केला आहे, फाइल #! ने सुरू झाली तर उरलेली ओळ म्हणजे दुभाष्याचं नाव समजलं जाईल, पूर्ण पत्ता लिहा, शोधाशोध केली जाणार नाही. फायदे दिले होते पाच. त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पहिला. आता स्क्रिप्ट हा दुय्यम नागरिक राहिला नाही, दुसरा कुठलाही प्रोग्रॅम तिला थेट चालवू शकतो, मध्ये शेल असलाच पाहिजे असं नाही. शिवाय चालू कामांच्या यादीत सगळीकडे नुसतं 'एसएच' दिसायचं, तिथे आता स्क्रिप्टचं खरं नाव दिसणार होतं. दुसऱ्या शेलची सोय झाली. आणि पुढे येणाऱ्या इतर दुभाष्यांनाही सहज जागा मिळेल असं त्यांनी लिहिलं होतं. पर्ल तेव्हा नव्हतं, पायथन नव्हतं, रुबी नव्हतं, पीएचपी नव्हतं. त्या एका वाक्यावर पुढे या सगळ्यांची पोटं भरली.

तिसरा फायदा मात्र साफ फसला. मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या, म्हणजे सेट-यूआयडी स्क्रिप्ट आता लिहिता येतील, असं त्यात होतं. लिहिता आल्या खऱ्या, पण कर्नेल पहिली ओळ वाचतो आणि मग दुभाषी तीच फाइल नावाने पुन्हा उघडतो, या दोन्हींच्या मध्ये एक फट राहते. त्या फटीत कुणी हुशार माणसाने त्या नावाची फाइल बदलली तर दुभाषी भलताच कागद वाचतो, तोही साहेबाच्या शिक्क्यासकट. म्हणून आजचा लिनक्स स्क्रिप्टवरचा तो अधिकार सरळ दुर्लक्षित करतो.

आणि हो, कल्पना आपली नव्हती हे रिची यांनीच नंतर सांगून टाकलं. बर्कलीच्या कुठल्याशा युनिक्स परिषदेत ती कानावर आली, प्रत्यक्षात पहिल्यांदा बसवली कदाचित आपण, इतकंच. 'शेबँग' हे नावही त्यांचं नाही, ते मागाहून लोकांनी पाडलं.

सगळ्यांनी हे लगेच स्वीकारलं असंही नाही. बर्कलीच्या ४.२ बीएसडीमध्ये १९८३ साली ही सोय सरसकट आली. एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हवाल्यांनी चौथ्या रिलीजपर्यंत, म्हणजे ऐंशीचं दशक संपत येईपर्यंत वाट बघायला लावली. १९८७ मध्ये लॅरी वॉलने पर्ल आणलं तेव्हा अर्ध्या जगात ही ओळ चालायची आणि अर्ध्यात नाही. म्हणून जुन्या पर्ल स्क्रिप्टच्या डोक्यावर एक चमत्कारिक ओळ दिसते, जी शेलने वाचली तर "अरे हे पर्ल आहे, पर्लला बोलव" असा अर्थ होतो आणि पर्लने वाचली तर काहीच होत नाही. पर्लचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवा. ते ही पहिली ओळ स्वतःही पुन्हा वाचतं. तिच्यात पर्लचं नावच नसेल तर "हे पत्र माझं नाही" म्हणून दुसऱ्या दुभाष्याकडे पाठवूनही देतं! हा स्वभाव पुढे कामाला येणार आहे.

आता लॅबमधल्या त्या कोड्याकडे. ओळ खोडली तरी स्क्रिप्ट का चालते? कारण १९७९ ची ती जुनी सवय अजून गेलेली नाही. कर्नेलने हात वर केले की शेल आजही म्हणतो, मीच वाचतो. लॅबमध्ये स्क्रिप्ट बॅशची असते आणि समोर बसलेला शेलही बॅशच असतो, म्हणून खपतं. पण फाइल बॅशची नसली की?

२०१९ च्या जानेवारीतली गोष्ट. कराडच्या माझ्या एका मित्राने जवळच्या एका दूध संस्थेला पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट करून दिली होती. दहा दिवसांचं संकलन, फॅट, दर यांचा हिशोब करून प्रत्येक उत्पादकाचं बिल काढायचं. रात्री क्रॉन ती चालवायचा आणि सकाळी बिलं तयार. तिथल्या कुणीतरी बिलावरचं इंग्रजी शीर्षक काढून 'दूध उत्पादक' असं मराठी घालायचं ठरवलं. हेतू उत्तमच. फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली, शीर्षक बदललं, सेव्ह करताना नोटपॅड म्हणालं की या एन्कोडिंगमध्ये काही अक्षरं हरवतील, म्हणून यूटीएफ-८ निवडलं आणि फाइल परत सर्व्हरवर टाकली. हाताने पायथन बिल.पीवाय असं चालवून बघितलं, झकास मराठी बिल आलं. सगळे खूश.

रात्री क्रॉनने चालवली आणि एकही बिल निघालं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. दहा दिवसांचं बिल म्हणजे कुणाची पेंडीची उधारी, कुणाचा सोसायटीचा हप्ता. लोक येऊन खिडकीशी उभे. फाइल उघडून बघावी तर पहिली ओळ जिथल्या तिथे, अक्षरालाही धक्का नाही. हाताने चालवावी तर चालते. मित्राने मला फोन केला तेव्हा तो पार वैतागला होता.

झालं होतं असं. तेव्हाचं नोटपॅड यूटीएफ-८ फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट टाकायचं: ईएफ, बीबी, बीएफ. यालाच बॉम, म्हणजे बाइट ऑर्डर मार्क म्हणतात. एडिटरमध्ये तो दिसत नाही. पायथनला तो चालतो, म्हणून हाताने चालवताना कुणाला पत्ताही लागला नाही. पण कर्नेल काही एडिटर नाही. त्याला पहिले दोन बाइट # आणि ! हवेत, आणि मिळाले ईएफ आणि बीबी. त्याने हात वर केले. मग क्रॉनने बोलावलेला शेल म्हणाला, मीच वाचतो. आणि पायथनचा कार्यक्रम शेलने वाचायला घेतला! पहिल्या ओळीला 'सापडत नाही', इम्पोर्टला 'सापडत नाही', पुढे सगळा आनंदच. या सगळ्या तक्रारी क्रॉनने इमानदारीने रूटच्या मेलबॉक्समध्ये टाकल्या होत्या. तो कोण उघडतो? (हाच प्रकार इमेजमॅजिक बसवलेल्या डेस्कटॉपवर झाला तर अजून मजा. तिथे इम्पोर्ट नावाची स्क्रीनशॉट घेणारी खरीखुरी कमांड आहे. स्क्रिप्ट चालवली की माउसचा बाण अचानक अधिकचं चिन्ह होतो आणि माणूस बघत बसतो.)

ते तीन बाइट काढले आणि बिलं निघाली. फाइलीचे पहिले काही बाइट हेक्समध्ये बघितले की चोर लगेच सापडतो. फाइल नावाची कमांडही 'विथ बॉम' असं स्पष्ट सांगते. मे २०१९ च्या विंडोज १० पासून नोटपॅड नव्या फाइलींना बॉमशिवायचं यूटीएफ-८ द्यायला लागलं, त्यामुळे हा त्रास आता कमी झालाय. याचा चुलत भाऊ मात्र अजून जोरात आहे. विंडोजची ओळ दोन अक्षरांनी संपते, युनिक्सची एका. ते जादाचं अक्षर कर्नेल पत्त्याचाच भाग समजतो आणि 'बॅश' ऐवजी 'बॅश आणि पुढे एक न दिसणारं अक्षर' नावाचा प्रोग्रॅम शोधत फिरतो. तक्रार येते 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल तर डोळ्यांसमोर आहे! सापडत नाहीये तो दुभाषी, फाइल नव्हे. पण कर्नेलकडे दोन्हींसाठी चूक-क्रमांक एकच.

मराठीत लिहिणाऱ्यांशी या पहिल्या ओळीचा आणखी एक संबंध आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि त्यातला पहिला बाइट असतो ई०. पायथन २ च्या काळात स्क्रिप्टमध्ये मराठी लिहिलं की ई० वर बोट ठेवून एरर यायची, हे ज्यांनी सोसलंय त्यांना आठवत असेल. उपाय म्हणजे फाइल यूटीएफ-८ आहे असं सांगणारी एक टिप्पणी वर लिहायची. २००१ साली मांडलेल्या आणि पायथन २.३ मध्ये आलेल्या या नियमात ती टिप्पणी पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीवर हवी असं आहे. दुसऱ्या का? कारण पहिली जागा कर्नेलने आधीच अडवलेली. पायथन ३ मध्ये यूटीएफ-८ गृहीतच धरलं जातं, त्यामुळे ती ओळ लिहायची गरज संपली.

आता पत्ता किती लांब असावा? रिची यांच्या ई-मेलमध्ये सगळ्या ओळीला १६ अक्षरांची मर्यादा होती, पुढे वाढवू असं आश्वासन देऊन. बर्कलीने ३२ केली. आज आपण बिनदिक्कत लिहितो ती #!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन ही ओळ रोमनमध्ये २१ अक्षरांची आहे, १९८० मध्ये ती मावलीच नसती. लिनक्समध्ये बरीच वर्षं १२७ अक्षरं मावायची, आणि त्यापेक्षा लांब ओळ गपचूप तोडली जायची.

हे गपचूप तोडणं वाईटच. अर्धा पत्ता वाचून भलत्याच घरात शिरण्यासारखं. म्हणून लिनक्स ५.० तयार होत असताना एक दुरुस्ती आली: ओळ मावत नसेल तर ती चालवायचीच नाही. तत्त्व बरोबर. पण निक्सओएस नावाच्या वितरणात प्रत्येक पॅकेजच्या पत्त्यात ३२ अक्षरांचा हॅश असतो, आणि त्यांच्या पर्ल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत दुभाष्याच्या पुढे लायब्रऱ्यांचे पत्ते रांगेने लिहिलेले. १२७ कधीच ओलांडलेले. तरी ते वर्षानुवर्षं चालत होतं, कारण कर्नेलने ओळ तोडली तरी पर्लपर्यंत पोचायला लागतो तेवढा पत्ता शाबूत राहायचा आणि पर्ल ती ओळ स्वतः पूर्ण वाचून घ्यायचं. (तो मघाचा स्वभाव!) नव्या कर्नेलने हात वर केले, शेल म्हणाला मीच वाचतो, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने तो बदल मागे घेतला. ज्याचं चालत होतं त्याचं बंद पाडायचं नाही, हा त्याचा जुना नियम. मग ५.१ मध्ये मर्यादा दुप्पट करून २५५ अक्षरं मावतील अशी केली, आणि दुभाष्याचा पत्ताच अर्धा तुटत असेल तरच नकार द्यायचा, मागचे पर्याय तुटले तर तुटू द्यायचे, असा मधला मार्ग निघाला. मला हा मधला मार्ग फार आवडतो. पुस्तकी शुद्धता कमी असेल, पण कुणाचं बिल अडलं नाही.

एन्व्ह मात्र वेगळं प्रकरण आहे. पायथन कुणाकडे /यूएसआर/बिन मध्ये असतो, कुणाकडे /यूएसआर/लोकल/बिन मध्ये, कुणाच्या स्वतःच्या घरात. मग पूर्ण पत्ता लिहायचा कसा? युक्ती अशी की पत्ता एन्व्हचा लिहायचा, तो बहुतेक ठिकाणी एकाच जागी असतो, आणि पायथन कुठे राहतो ते त्याला विचारायला लावायचं. म्हणजे पत्रावर 'स्टँडवर उतरून कुणालाही विचारा' असं लिहिणं. सोयीचं आहेच. पण तासगावच्या स्टँडवर उतरून "पाटलांचं घर कुठं?" विचारलं तर काय होईल? :-) कोण भेटतो त्यावर सगळं अवलंबून. तुमच्या टर्मिनलमधला पाथ वेगळा, क्रॉनमधला पाथ आखूड, दोन ठिकाणी दोन पाटील. शिवाय लिनक्स पहिल्या ओळीतलं पत्त्यानंतरचं सगळं एकच शब्द म्हणून पुढे देतो. एन्व्हपुढे 'पायथन -यू' लिहिलं तर तो 'पायथन -यू' अशा अखंड नावाचा प्रोग्रॅम शोधतो. फ्रीबीएसडी पूर्वी शब्द वेगळे करून द्यायचा, २००५ मध्ये ६.० पासून त्यानेही सोडलं आणि ते काम एन्व्हच्या -एस पर्यायावर टाकलं. जीएनूच्या एन्व्हमध्ये हा पर्याय यायला २०१८ उजाडलं.

बरं, पूर्ण पत्ता लिहिला म्हणजे सुटलो असंही नाही. घर तेच राहतं आणि आतला माणूस बदलतो. ऑक्टोबर २००६ मध्ये उबुंटू ६.१० ने /बिन/एसएच च्या घरातून बॅशला बाहेर काढून डॅशला बसवलं. डॅश छोटा आणि चपळ, मशीन लवकर सुरू व्हावं हा उद्देश. पण वर एसएच लिहून आत बॅशची खास लकब वापरणाऱ्या असंख्य स्क्रिप्ट त्या दिवशी उघड्या पडल्या. पायथनचं तर विचारूच नका. ऑक्टोबर २०१० मध्ये आर्च लिनक्सने 'पायथन' या नावाने पायथन ३ बसवला, बाकीचे कित्येक वर्षं २ वरच राहिले. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा सांभाळ थांबला. नव्या उबुंटूत नुसत्या 'पायथन' नावाने मुळात कुणी राहतच नाही, मुद्दाम एक पॅकेज घालून ते नाव ३ ला द्यावं लागतं. मॅकवाल्यांनी २०२२ मध्ये १२.३ आवृत्तीत /यूएसआर/बिन/पायथन काढूनच टाकला.

इतकं सगळं या ओळीवर चालतं म्हटल्यावर तिचा कुठेतरी पक्का नियम लिहिलेला असेल असं तुम्हाला वाटेल. पॉसिक्स या मानकात शेलच्या फाइलीची पहिली ओळ #! ने सुरू झाली तर काय होईल? परिणाम अनिर्दिष्ट. बस, इतकंच.

हल्ली लॅपटॉप नसलेली पोरं मोबाइलवर टर्मक्स टाकून स्क्रिप्ट शिकतात. तिथे /यूएसआर नावाचं काही नसतंच, सगळा संसार टर्मक्सच्या स्वतःच्या फोल्डरात, भल्यामोठ्या पत्त्यावर. तरी पोरं जर्नलमधली तीच जुनी ओळ लिहितात आणि ती चालते. कारण टर्मक्सने मध्ये एक छोटी लायब्ररी बसवली आहे. स्क्रिप्ट कर्नेलकडे जाण्याआधी ती पहिली ओळ वाचते आणि /बिन किंवा /यूएसआर/बिन दिसलं की जुना पत्ता खोडून नवा घालते. गावातला पोस्टमन घर बदललेल्या माणसाचं पत्र न सांगता नव्या घरी नेऊन देतो, तसं.